बगळा पळत नाही

ग्रे हेरॉनच्या दुसऱ्या भागाचा ट्रेलर आला तेव्हा परीक्षित हर्डीकर मीटिंगमध्ये बसला होता, आणि मीटिंगचा विषय त्याच्याच कामातल्या चुका हा होता. तरीही त्याने फोन टेबलाखाली धरला, आवाज बंद केला आणि ट्रेलर पाहिला. मग पुन्हा पाहिला. मॅनेजरने "परीक्षित, एनी थॉट्स?" असं विचारलं तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, "दे हॅव चेंज्ड द बीक." चोच बदललीय. मीटिंग अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्न गावच्या एका डेटा सेंटरमधली हवा थंड कशी ठेवायची याबद्दल होती. थंड हवेच्या कुठल्या यंत्राला चोच असते हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. पण तसं कबूल करायची कुणाची तयारी नसल्यामुळे दोघांनी ते लिहून घेतलं.

ग्रे हेरॉन म्हणजे करडा बगळा. हा सुपरहिरो दिवसा एका लहानशा गावाच्या पाणीपुरवठा खात्यात कारकून असतो. तो उडत नाही, भिंती फोडत नाही, डोळ्यांतून काही सोडत नाही. तो उभा राहतो. तो पुरेसा स्तब्ध उभा राहिला की लोकांना दिसेनासा होतो, दरोडेखोर त्याच्या शेजारी येऊन बेत आखू लागतात, आणि मग एकदाच, फक्त एकदाच, तो हलतो. पहिल्या भागाच्या शेवटी तो धरणाच्या पाण्यात बुडाला होता आणि पाण्यावर एक करडं पीस तेवढं तरंगत राहिलं होतं. पुण्याहून येऊन इतकी वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला असा हिरो का आवडावा, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही. परीक्षितला मात्र हे कुणी सांगितलेलं चाललं नसतं. त्याच्या मते त्याला तो सिनेमा पटकथेसाठी आवडला होता.

तो सिनेमा त्याने मुलीबरोबर पाहिला होता. रीमा तेव्हा पाचवीत होती. घरी येताना गाडीत बापलेक दोघंही एकदमच बोलायला लागली. बगळा मेला की जगला यावर त्यांनी पुढचा अख्खा हिवाळा काढला. आता रीमा अकरावीत होती. तिच्या खोलीचं दार बंद असायचं, आणि ते उघडलंच तर आतून "फाइन", "ओके" आणि "आय नो" एवढेच शब्द आळीपाळीने बाहेर यायचे. म्हणून ट्रेलर आला त्या संध्याकाळी परीक्षित जेवायच्या टेबलावर जरा लवकरच येऊन बसला.

"ट्रेलर पाहिलास?"

"येस."

"मग?"

"इट्स फाइन."

"फाइन? अगं, तो पळतोय! छपरांवरून पळतोय, वर विनोद करतोय. चोच नारिंगी केलीय. बगळा पळत नाही, रीमा. बगळा उभा राहतो."

"बाबा, इट्स अ मूव्ही."

"पण मला एक सांगा," हिमानी पोळी वाढत म्हणाली, "तो मेला होता ना?" परीक्षितची बायको पहिल्या भागाला बरोबर होती, पण मध्यंतरानंतर झोपली होती. अमेरिकेत मध्यंतर नसतं, तरी तिने आपल्यापुरतं ते करून घेतलं होतं. बगळा मेला याबद्दल मात्र तिला कधीही शंका नव्हती.

"तेच तर कळलेलं नाही," परीक्षित म्हणाला आणि मग, सहज आठवल्यासारखं करून, "पहिल्या दिवशीची तिकिटं काढू ना आपली?"

"आयॅम गोइंग विथ माय फ्रेंड्स," रीमा म्हणाली. तिने ताट सिंकमध्ये ठेवलं आणि ती वर गेली. दार बंद झाल्याचा आवाज आला. आपटल्याचा नाही, नुसता बंद झाल्याचा. आपटलं असतं तर परीक्षितला निदान काही बोलता आलं असतं.

मग त्याने आपल्या शंका अ‍ॅशबर्नच्या मराठी लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिल्या. हा ग्रुप जुने सोफे देणे-घेणे आणि विमानतळावर कोण सोडेल या दोन कारणांसाठी चालवला जात असे. त्यावर परीक्षितने दिग्दर्शक बदलल्याबद्दल, नव्या दिग्दर्शकाने आजवर फक्त मोटारींच्या जाहिराती केल्याबद्दल आणि चोचीबद्दल एवढं लांब लिहिलं की वाचायला स्क्रीन खाली सरकवत बसावं लागलं. पहिलं उत्तर आलं, "सोफा गेला का?" दुसरं उत्तर सुवर्णाताईंचं होतं.

सुवर्णाताई तिथल्या मराठी मंडळाचे कार्यक्रम ठरवायच्या. रिटायर व्हायला आलेल्या, मूळच्या मुंबईच्या आणि नाही हा शब्द ऐकू न येणाऱ्या. त्यांनी ग्रुपवर लिहिण्याऐवजी सरळ फोनच लावला.

"परीक्षित, आपल्या कार्यक्रमांना मुलं येत नाहीत. मागच्या नाट्यसंगीताला सर्वांत तरुण श्रोता मीच होते. तू हे जे लिहिलंयस ना, त्यावर आपण परिसंवाद करू. 'ग्रे हेरॉन टू : आशा आणि शंका'. तू शंका मांड. आशा कोण मांडेल?"

"ताई, मी आपलं सहज..."

"अरुणला विचारते," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

अरुण परीक्षितच्या शेजारच्याच घरात राहायचा. तो नागपूरचा. व्हिसापासून लॉनच्या गवतापर्यंत जगातल्या प्रत्येक बाबतीत त्याच्याकडे सल्ला तयार असायचा. त्याने ग्रे हेरॉनचा पहिला भाग पाहिला नव्हता. "अरे, म्हणूनच तर मला आशा आहे ना," तो म्हणाला.

आता जागा हवी होती. परीक्षितच्या वसाहतीला एक क्लबहाउस होतं आणि ते मिळवायचं तर वसाहतीच्या मॅनेजरला, म्हणजे शेली नावाच्या बाईंना, ईमेल करावी लागे. परीक्षितने ती ऑफिसला जाताना गाडी चालवता चालवता फोनला तोंडी सांगून लिहून घेतली. फोन अमेरिकेत वाढलेला होता आणि परीक्षितचे उच्चार सदाशिव पेठेतले. त्यामुळे हेरॉन या पक्ष्याच्या जागी फोनने जे लिहिलं ते हेरॉइन होतं. पक्षी नव्हे, तो अमली पदार्थ. बाकी ईमेल तशी अचूक होती. तिचा मराठीत सारांश असा: आम्ही काही भारतीय कुटुंबं रविवारी दुपारी क्लबहाउसमध्ये करड्या हेरॉइनसाठी जमू इच्छितो. पहिल्या वेळी सगळ्यांना फार मजा आली होती. या वेळी माल बदललेला असल्यामुळे काहींना शंका आहे. मुलांना विशेष निमंत्रण आहे. खाण्याची सोय आमची आम्ही करू.

शेलीबाईंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज फार जपून पाऊल टाकल्यासारखा येत होता.

"मिस्टर हर्डीकर, विल देअर रिअली बी चिल्ड्रन?"

"चिल्ड्रन आर द होल पॉइंट!" परीक्षित उत्साहाने म्हणाला. आम्हा मोठ्यांना तर त्याची सवय आहेच, पण हल्ली पोरं तिकडे फिरकत नाहीत, असंही त्याने इंग्रजीत समजावून सांगितलं.

"अँड... व्हेअर इज इट कमिंग फ्रॉम?"

"हॉलिवुड," परीक्षित म्हणाला. दुसरीकडून कुठून येणार?

मग शेलीबाई, पाहून सांगते, म्हणाल्या. परीक्षितला त्या फार सहकार्य करणाऱ्या वाटल्या.

शनिवारी सकाळी तो बर्म्युडा घालून पुढच्या लॉनला पाणी घालत असताना शेरीफच्या ऑफिसची गाडी घरासमोर येऊन थांबली. उतरलेला डेप्युटी तरुण, उंच आणि अतिशय नम्र होता, आणि माणूस किती घाबरेल हे पोलीस किती नम्र आहे यावर अवलंबून असतं. काळजीचं काही नाही, मॅनेजरबाईंनी जरा चौकशी करायला सांगितलंय, असं म्हणत त्याने फोनवर ती ईमेल दाखवली. परीक्षितने ती प्रथमच नीट वाचली. हातातल्या पाइपमधून पाणी त्याच्या स्वतःच्याच चपलांवर पडत राहिलं. त्या क्षणात त्याला आपलं ग्रीन कार्ड, रीमाचं कॉलेज आणि पुण्याच्या विमानतळावर घ्यायला आलेले सासरे असं सगळं एकापाठोपाठ दिसलं.

"हेरॉन," तो कसाबसा म्हणाला. "बर्ड. सिनेमा. सुपरहिरो." शब्द पुरेनात तेव्हा त्याने पाइप टाकला आणि तो एका पायावर उभा राहिला.

डेप्युटीचा चेहरा उजळला. "ओह मॅन! ग्रे हेरॉन?" तो म्हणाला. पहिला भाग त्याने कितीदा पाहिला होता याला गणती नव्हती. धरणाच्या शेवटाला तो रडला होता. आणि दुसऱ्याची तो डोळ्यांत प्राण आणून वाट बघत होता, कारण, तो हसत म्हणाला, आता एकदाचा तो पळणार तरी!

परीक्षित अजून एका पायावरच उभा होता. हे वाक्य ऐकल्यावर त्याने दुसराही खाली टेकवला. भीती माणसाला एका मर्यादेपर्यंतच गप्प ठेवू शकते. "नो," तो म्हणाला. "नो, सर. यू हॅव नॉट अंडरस्टुड द कॅरेक्टर." आणि बोट वर करून त्याने शंकांना सुरुवात केली. हिमानीने दार उघडलं तेव्हा तिला समोर एवढंच दिसलं, की नवरा ओल्या चपलांमध्ये उभा राहून कमरेला पिस्तूल असलेल्या अधिकाऱ्यावर ओरडतोय. ती धावत आली, दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि डेप्युटीला "सॉरी, ही इज फ्रॉम पुणे" असं म्हणाली. हिमानी अमरावतीची होती. डेप्युटीने परीक्षितशी हस्तांदोलन केलं, लेट्स अग्री टु डिसअग्री म्हणाला आणि गेला.

गाडी मात्र सगळ्या गल्लीने पाहिली होती. ती वळणावर दिसेनाशी होते न होते तोच अरुण कुंपणापाशी हजर होता.

"वकिलाशिवाय एक शब्द बोलला नाहीस ना?"

"पुष्कळ बोललो."

"काय करून राहिलास बे तू! माझ्या एका मित्राचं असंच झालं. त्याने नुसतं गुड मॉर्निंग म्हटलं होतं." मित्राचं पुढे काय झालं हे अरुणने सांगितलं नाही. त्याने फक्त मान हलवली, आणि त्यामुळे परीक्षितला ते जास्त लागलं. ग्रुपवर दुपारपर्यंत परीक्षितला नेलं, सोडलं, जामिनावर सोडलं अशा तीन आवृत्त्या निघाल्या. सुवर्णाताईंचा मेसेज सर्वांत शेवटी आला: "छान प्रसिद्धी झाली. आता हॉल भरणार."

शेलीबाईंनी क्षमा मागून परवानगी दिली. फक्त एक अट घातली. क्लबहाउसच्या फलकावर जाहिरात लावायची ती इंग्रजीत लावायची आणि तिच्यावर पक्ष्याचं मोठं, स्पष्ट चित्र हवं, म्हणजे पुन्हा कुणाचा गैरसमज व्हायला नको. सिनेमाचं पोस्टर वापरायला सुवर्णाताई तयार नव्हत्या. वकिलाचं पत्र येईल, असं त्यांना अरुणने सांगितलं होतं. म्हणून परीक्षितने पाण्यात उभ्या असलेल्या खऱ्याखुऱ्या करड्या बगळ्याचा एक सुंदर फोटो घेतला आणि त्याखाली मजकूर टाकला: ग्रे हेरॉन टू, होप्स अँड डाउट्स, ऑल आर वेलकम. कुणीतरी त्या जाहिरातीचा फोटो काढून पुढे पाठवला. तो कुठे कुठे गेला हे रविवारपर्यंत कुणाला कळलं नाही.

रविवारी परीक्षित क्लबहाउसवर पोहोचला तेव्हा पार्किंग भरलं होतं. आतल्या निम्म्या खुर्च्यांवर मंडळाचे लोक होते. बटाटेवड्यांचा वास सुटला होता आणि करड्या चादरी पांघरलेली लहान मुलं खुर्च्यांखालून फिरत होती. उरलेल्या निम्म्या खुर्च्यांवर त्याने आयुष्यात न पाहिलेली गोरी, वयस्कर माणसं बसली होती. त्यांच्या डोक्यावर उन्हाच्या टोप्या आणि गळ्यात दुर्बिणी होत्या. दोघांनी तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीही आणल्या होत्या.

"बघितलंस?" सुवर्णाताई कानाशी म्हणाल्या. "अमेरिकन फॅन! मागच्या रांगेतून दिसणार नाही म्हणून बिचारे दुर्बिणी घेऊन आलेत."

वस्तुस्थिती निराळी होती, आणि ती समजायला परीक्षितला कार्यक्रमाचा पूर्वार्ध लागला. आपल्याकडे शेतात, तळ्यात दिसतो तो करडा बगळा अमेरिकेत राहत नाही. इथला बगळा वेगळा, त्याचं नावही वेगळं. महासागरापलीकडचा खरा ग्रे हेरॉन वाट चुकून या किनाऱ्यावर उतरला, तर पक्षी बघणाऱ्या लोकांच्या घरी तो सण असतो. आणि इथे तर जाहिरातीत चक्क लिहिलं होतं, ग्रे हेरॉन टू. म्हणजे दोन.

सुवर्णाताईंनी बॅटरीवरची समई लावली, कारण खऱ्या ज्योतीला क्लबहाउसमध्ये परवानगी नव्हती. पाहुण्यांचा मान राखून परीक्षितने इंग्रजीतून सुरुवात केली. तो म्हणाला की आपण सगळे इथे एका काळजीपोटी जमलो आहोत. टोप्यांनी माना डोलावल्या. तो म्हणाला की आपण त्याला शेवटचं पाहिलं ते धरणात बुडताना, एक पीस तेवढं वर राहिलं. टोप्यांमधून हळहळ उमटली. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी चष्मा काढून पुसला.

"आता तो परत आलाय," परीक्षित म्हणाला. "पण त्यांनी त्याची चोच नारिंगी रंगवलीय."

"हू डिड?" एक म्हातारा ताडकन उभा राहिला.

"नवा डायरेक्टर."

"डायरेक्टर ऑफ व्हॉट?"

"याआधी तो मोटारींच्या जाहिराती करायचा."

हॉलमध्ये संतापाची लाट उसळली. काउंटीला कळवायला हवं, असं कुणीतरी म्हणालं. आपल्या शंकांना असा प्रतिसाद परीक्षितला आयुष्यात मिळाला नव्हता. ऑफिसात नाही आणि घरात तर नाहीच. तो टेबलाच्या पुढे आला. त्याने मागे बघितलं तर भिंतीला टेकून, हुडी डोळ्यांपर्यंत ओढून रीमा उभी होती. ती येणार नव्हती. हिमानीला वड्यांचे डबे उचलू लागायला म्हणून आली होती. परीक्षितने आवाज चढवला.

"अँड द वर्स्ट थिंग! दे मेड हिम रन! बट अ हेरॉन डझ नॉट रन!"

त्याने टाळ्यांसाठी जागा सोडली होती. त्या जागेत चष्मा पुसणाऱ्या बाई उठल्या. त्यांचं नाव डोरथी होतं, आणि त्या उठल्या की बाकीच्या टोप्या आपोआप गप्प होत होत्या, यावरून त्यांचा अधिकार कळत होता.

"ओह, बट दे डू, डिअर," त्या प्रेमाने म्हणाल्या.

"आय बेग युअर पार्डन?"

मासा उथळ पाण्यात निसटायला लागला की बगळे पळतात, चांगले जोरात पळतात, असं सांगून त्यांनी फोनवर व्हिडिओ काढला. सुवर्णाताईंनी तत्परतेने तो भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावून दिला. त्यांना वाटलं, ट्रेलरच आहे. पडद्यावर एक बगळा पंख अर्धवट पसरून, लांब तंगड्या टाकत, पाणी उडवत डावीकडून उजवीकडे पळत गेला. इतका आनंदाने पळणारा प्राणी हॉलमध्ये कुणी पाहिला नव्हता. मुलं खिदळली. अरुण उभा राहिला आणि म्हणाला, "बस! मला हेच म्हणायचं होतं," आणि आशेची बाजू मांडून झाली म्हणून खाली बसला. टाळ्या त्याला पडल्या.

परीक्षित टेबलापाशी उभा राहिला. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीवर त्याची सगळी मतं उभी होती, ती एका सत्तरीच्या बाईंनी खिशातून फोन काढून पाडली होती. त्याला बसावंसं वाटत होतं, पण खुर्ची अरुणच्या बाजूला गेली होती.

"दॅट्स नॉट व्हाय."

आवाज मागून आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. रीमाने हुडी मागे केली होती. तिचे कान लाल झाले होते.

"दॅट्स नॉट व्हाय ही डझंट रन," ती म्हणाली. "इट्स नॉट अ बर्ड थिंग." लहानपणी नदीला पूर येतो तेव्हा तो धाकट्या भावाचा हात सोडून पळालेला असतो, ती सांगत होती. आधी अडखळत, मग भरभर. ते सिनेमात फक्त एकदा येतं, अर्धं मिनिट, तो नळ दुरुस्त करत असतो तेव्हा. त्या दिवसानंतर तो कधीच पळत नाही. "इट्स अ प्रॉमिस. सो इफ ही रन्स नाउ, देअर बेटर बी अ रीझन. दॅट्स माय डाउट."

परीक्षितला ते दृश्य आठवेना. नळ आठवत होता. नळाच्या वेळी तो पॉपकॉर्न आणायला गेला असावा. म्हणजे सगळी शंका त्याने चुकीच्या कारणासाठी घेतली होती, आणि बरोबर कारण वरच्या मजल्यावर, बंद दारामागे, इतकी वर्षं सुखरूप होतं.

"हनी," डोरथीबाई हळूच म्हणाल्या, "आर वी टॉकिंग अबाउट अ मूव्ही?"

खुलासा झाला. तो होत असताना काही चेहरे पडले, एकाने तिपाई मिटली. पण वडे गरम होते आणि डोरथीबाई समंजस होत्या. आलोच आहोत तर मागचं तळं बघून घेऊ, असं त्या म्हणाल्या आणि सगळे निघाले. टोप्या पुढे, मंडळ मागे, चादरी पांघरलेली मुलं मध्येच. तळ्यावर बगळा नव्हता. कॅनडा गूज जातीचे हंस होते. त्यांची पिल्लं नुकतीच पाण्यात उतरली होती आणि करड्या चादरींचा तो थवा त्यांना अजिबात आवडला नाही. नर हंस मान जमिनीला लावून फुत्कारत आला. मुलं किंचाळत पालकांकडे गेली. परीक्षित मुलांना वाचवायला म्हणून पुढे झाला. हंसाने मुलांना सोडलं आणि त्याचा पाठलाग धरला, आणि परीक्षित तळ्याच्या कडेकडेने, हात अर्धवट पसरून, लांब तंगड्या टाकत, थेट क्लबहाउसपर्यंत पळत गेला. अरुणने ते चित्रित केलं. ग्रुपवर ते "ग्रे हेरॉन टू, लीक झालेला सीन" या नावाने संध्याकाळच्या आत सोफ्यांच्या वर गेलं. परीक्षितने ग्रुप सोडला. सुवर्णाताईंनी त्याला परत घेतलं. त्याने पुन्हा सोडला.

सिनेमा गुरुवारी लागला. रीमा मैत्रिणींबरोबर गेली. परत आली तेव्हा परीक्षित सोफ्यावर फोन उलटा धरून वाचायचं नाटक करत होता. ती सरळ वर गेली. शुक्रवारी नाश्त्याला ती त्याच्याकडे दोनदा बघून गप्प बसली. शेवट आधीच कळू नये म्हणून परीक्षितने इंटरनेट बंद ठेवलं होतं, ऑफिसात कानांत बोळे घालून बसत होता, आणि मॅनेजरला ते कामातलं लक्ष वाटलं होतं.

"आय गॉट टू टिकेट्स," शनिवारी ती म्हणाली. "फॉर द मॅटिनी. डोंट टॉक ड्युरिंग इट."

"पण तू तर पाहिलास ना?"

"गेट युअर शूज, बाबा."

थिएटरात परीक्षित खरोखरच एक शब्द बोलला नाही. मध्येच त्याला जाणवलं, की शेजारी रीमा पडद्याकडे बघत नाहीये. ती मान थोडी वळवून त्याच्याकडे बघत होती. एखादा प्रसंग जवळ आला की तिचा श्वास थांबायचा, आणि त्यावरून आता काहीतरी होणार हे त्याला आधीच कळायचं. एका अर्थाने त्यामुळे दोन-तीन रहस्यं फुकट गेली. त्याने तक्रार केली नाही.

सिनेमा सुटल्यावर ती गाडीत ड्रायव्हरच्या जागेवर बसली, पट्टा लावला आणि किल्ली हातातच ठेवून म्हणाली, "वेल?"

"आवडला मला," परीक्षित म्हणाला.

"व्हॉट?"

"आवडला. छान होता."

"बाबा! यू हॅड लाइक अ हंड्रेड डाउट्स! यू यल्ड अ‍ॅट अ कॉप!"

"त्या ट्रेलरबद्दल होत्या. हा सिनेमा आहे."

"इट वॉज अ मेस!" रीमा म्हणाली आणि गुरुवारपासून साठवलेलं सगळं बाहेर आलं. दुसरा अर्धा भाग घाईत गुंडाळलाय, म्हातारी शिक्षिका अर्ध्यातून गायबच होते, पुलाचा सगळा प्रसंग वेगळ्याच सिनेमातून उचलल्यासारखा वाटतो. परीक्षितने शिक्षिकेचा मुद्दा मान्य केला, पुलाचा नाही. पुलावर तो हट्टालाच पेटला. ती हात हलवत बोलत होती, तो डॅशबोर्डवर बोटाने पुलाचा नकाशा काढून दाखवत होता. पुढच्या खेळाची माणसं येऊन शेजारच्या जागांवर गाड्या लावून आत गेली. काचांवर वाफ धरली.

हिमानीचा फोन आला. "कुठे आहात? संपून किती वेळ झाला असेल!"

"पार्किंगमध्ये."

"गाडी बंद पडली का?"

"नाही, ठीक आहे गाडी."

"मग काय करताय तिथे?"

परीक्षितने शेजारी पाहिलं. रीमा वाक्याच्या मध्यावर थांबली होती. एक हात हवेत तसाच होता आणि तो फोन कधी ठेवतोय याची ती अधीर होऊन वाट बघत होती.

"वेळ लागेल," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. "हां, बोल. तुझं म्हणणं काय, पूल त्याने पाडलाच नाही?"